गॅसच्या उजेडातली श्रीमंती

वाचक विचारतात

मागच्या अंकात अमेरिकेतल्या न्यूपोर्ट या समुद्रकाठच्या गावातल्या आणि न्यूयॉर्कमधल्या राजवाड्यासारख्या घरांची छायाचित्रं होती. रेल्वे, पोलाद, तेल आणि बँका यांच्या पैशावर साधारण १८७० ते १९०० या तीस वर्षांत उभी राहिलेली ही घरं. त्यावर आलेल्या पत्रांत ‘केवढा हा पैसा!’ असे उद्गार कमी होते आणि ‘हे केलं कसं?’ असे प्रश्न जास्त, त्यामुळे उत्तरंही कामाच्या अंगाने दिली आहेत.

इतका पैसा असून खोल्या इतक्या काळोख्या का? सगळीकडे मरून, बाटलीसारखा हिरवा, चॉकलेटी. जीव गुदमरतो. (पुणे)

दिवसा पाहिलं तर गुदमरतोच. पण त्या खोल्या दिवसासाठी रंगवलेल्या नव्हत्या. १८७०-८० च्या दशकांत शहरातल्या श्रीमंत घरात रात्रीचा उजेड म्हणजे दगडी कोळशापासून काढलेल्या गॅसची उघडी ज्योत. नेहमीचा एक बर्नर तासाला ५ घनफुटांच्या आसपास गॅस खाई आणि त्यातून दहा-पंधरा मेणबत्त्यांइतका पिवळसर, हलता उजेड मिळे. आजचा तीन वॅटचा एलईडी त्याहून उजळ असतो. गॅसबरोबर काजळी येई, पाण्याची वाफ येई आणि गंधकाचा अंशही येई. पांढरा गिलावा लवकरच पिवळा पडे, मग करडा. तेव्हा पहिलं कारण साधं, आपल्या आजीने सांगितलं असतं तेच : रंग मळखाऊ हवा.

दुसरं कारण जास्त हुशारीचं आहे. भिंतीचे तीन पट्टे करत. जमिनीपासून सुमारे तीन फूट लाकूड किंवा जाड, धुता येईल असं आवरण, कारण खुर्च्यांच्या पाठी आणि माणसांचे हात तिथेच लागतात. मधला भाग चित्रं टांगण्यासाठी. आणि छताखाली दीड-दोन फुटांचा नक्षीचा पट्टा. सोनेरी-रुपेरी काम बरंचसं या वरच्या पट्ट्यात आणि छतावर असे, कारण ज्योतींचा उजेड वर फेकला जाई. गडद पार्श्वभूमीवर धातूचा वर्ख लुकलुकला की डोळ्याला भिंत आहे त्याहून लांब वाटते.

याचा उत्तम नमुना कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला, मार्क ट्वेन यांच्या घरात आहे. १८८१ मध्ये काचकामासाठी प्रसिद्ध असलेले सजावटकार लुई टिफनी आणि त्यांच्या भागीदारांच्या ‘असोसिएटेड आर्टिस्ट्स’ या मंडळीने ते सजवलं. प्रवेशदालनातल्या गडद लाकडी पॅनेलांवर त्यांनी स्टेन्सिलने, म्हणजे कापलेल्या साच्यातून रंग देऊन, रुपेरी नक्षी काढली. दिवसा ती रुपेरी नक्षीच दिसते. मंद, पिवळ्या उजेडात मात्र काळ्या लाकडात शिंपल्याची जडावाची कलाकुसर असल्याचा भास होतो. शिंपला बसवायचा खर्च आणि महिने दोन्ही वाचले.

कुणाला हे घरी करायचं असेल तर चूक नेमकी दिव्यांत होते. छतात गोल दिवे बसवून पांढरा उजेड खाली सोडला की रुपेरी नक्षी राखाडी आणि मेलेली दिसते. उजेड २२०० ते २७०० केल्विनचा म्हणजे पिवळसर, डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला लावलेला आणि कमी-जास्त करता येणारा हवा. स्टेन्सिलचा ब्रश जवळजवळ कोरडा ठेवा. रंग जास्त झाला की तो स्टेन्सिलच्या कडेखाली घुसतो आणि नक्षीला मिशा फुटतात.

झुंबराच्या काही फांद्या वर वळलेल्या आणि काही खाली. ही फॅशन होती की काही उपयोग? (एडिसन, न्यू जर्सी)

पत्ता पाहता प्रश्न योग्य ठिकाणाहून आला! वर तोंड केलेल्या फांद्या गॅसच्या, खाली वळलेल्या विजेच्या. ज्योत वरच जाणार, बल्बला दिशा नाही. दोन्ही एकत्र ठेवले, कारण विजेवर कुणाचा भरवसा नव्हता.

तो नव्हता याला कारणं होती. एडिसन यांचं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र ४ सप्टेंबर १८८२ ला सुरू झालं, तेही दक्षिण मॅनहॅटनच्या छोट्या भागापुरतं. मॅडिसन अॅव्हेन्यूवरच्या २१९ क्रमांकाच्या घरात राहणाऱ्या बँकर जे. पी. मॉर्गन यांना वीज हवी होती, म्हणून त्यांनी अंगणाच्या मागच्या बाजूला जमिनीखाली स्वतःचं वाफेचं इंजिन आणि जनित्र बसवून घेतलं. इंजिनवाला दुपारी तीनला येऊन वाफ चढवी. रात्री अकराला इंजिन बंद, की घर अंधारात. शेजारणीचं घर हादरे, ती तक्रार करी. एकदा तारेने पेट घेऊन अभ्यासिकेतलं टेबल होरपळलं. मॉर्गन यांनी तरीही वीज सोडली नाही. फिफ्थ अॅव्हेन्यूवर विल्यम एच. व्हँडरबिल्ट यांच्या घरी मात्र उलटं झालं. भिंतीवरच्या कापडात धातूचे बारीक धागे होते, त्यांना तारा टेकल्या आणि कापड धुमसू लागलं. तळघरात बॉयलर आहे हे कळल्यावर व्हँडरबिल्टबाईंनी ‘बॉयलरच्या डोक्यावर मी राहणार नाही’ असं सांगितलं आणि सगळी जोडणी काढावी लागली. भिंतीची श्रीमंतीच तिथे शत्रू ठरली.

पुढे १८९५ मध्ये पूर्ण झालेल्या न्यूपोर्टच्या ‘द ब्रेकर्स’ या घरातही गॅस आणि वीज दोन्ही आहेत. तिथे बॉयलर घरापासून दूर, फाटकाजवळ जमिनीखाली आहे आणि बोगद्याने घराला जोडलेला आहे. आधीचं लाकडी ब्रेकर्स १८९२ मध्ये जळून खाक झालं होतं, त्यामुळे कॉर्नेलिअस व्हँडरबिल्ट दुसरे आणि त्यांचे वास्तुविशारद रिचर्ड मॉरिस हंट यांनी नव्या घराच्या सांगाड्यात लाकूड येऊच दिलं नाही.

जुना दिवा विकत घेताना ओळखायची खूण : गॅसच्या फांदीच्या बुडाशी लहान चावी असते आणि तिची काचेची कळी (शेड) खाली ४ ते ५ इंच रुंद असते. ज्योतीला हवा सावकाश मिळावी, ती फडफडू नये आणि काच तडकू नये म्हणून. विजेच्या कळीची मान सव्वादोन इंचांचीच. गॅसच्या फांदीतून आता वायर ओढायची असेल तर आधी आतल्या नळीच्या कडा कानशीने गोल करून घ्या. आटे पाडलेली कड सुरीसारखी असते. ती वायरचं आवरण कापते आणि सहा महिन्यांनी दिवा झटका देतो.

भिंतींवर उठावाचं चामडं दिसतं. खरंच चामडं आहे का? आमच्या कारखान्यात तसं काही करता येईल का? (कोल्हापूर)

काही ठिकाणी खरंच आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या ‘बिल्टमोर’ या हवेलीच्या न्याहारीच्या खोलीत भिंतींना ठसे उठवलेलं स्पॅनिश चामडं आहे. पण छायाचित्रांतलं बरंचसं ‘चामडं’ दोन नकलांपैकी एक असतं.

पहिली नक्कल जपानहून येई. हातकागदाचे ओले थर कोरीव लाकडी रुळावर ठेवून ब्रशने ठोकत, वर धातूचा पातळ पत्रा आणि त्यावर पिवळसर लाखेचा हात. लाखेखालून रुपेरी पत्रा सोन्यासारखा दिसे. काम इतकं नजाकतीचं, की खऱ्या चामड्यापेक्षा आम्हाला ते उजवं वाटतं.

दुसरी नक्कल म्हणजे लिंक्रस्टा. लिनोलियमचा शोध लावणाऱ्या फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजाने १८७७ मध्ये तो काढला आणि १८८३ पासून कनेक्टिकटमधल्या स्टॅमफर्डला तो अमेरिकेतही बनू लागला. जवसाचं तेल हवेत मुरवून घट्ट करायचं, त्यात राळ, लाकडाचा भुसा आणि मेण मिसळायचं, हा लगदा कागदावर पसरून नक्षीच्या पोलादी रुळांतून काढायचा. थंड झाला की भिंतीवर लावता येतो, आणि नंतर वर्षानुवर्षं कडक होत जातो.

कोल्हापुरात चामड्याची परंपरा आहेच, पण भिंतीसाठी ते महाग आणि दमट हवेत बुरशीचं. लिंक्रस्टाच्या जातीचं उठावाचं आवरण वापरून रंग तोच आणता येतो, आणि त्यातली युक्ती सगळी रंगात आहे. आधी मातकट पिवळा तैलरंग द्या आणि पूर्ण वाळू द्या. त्यावर गडद तपकिरी, पारदर्शक तेलाचा हात मारा आणि दहा-पंधरा मिनिटांत कापडाने पुसा. खाचांत तपकिरी राहील, उंचवटे उघडे पडतील. शेवटी फक्त उंचवट्यांवर बोटाने किंचित सोनेरी. पुसायला उशीर झाला तर डाग बसतात, म्हणून एका वेळी तीन-चार चौरस फुटांवर तेल लावू नका.

लावताना तीन गोष्टी चुकतात. आवरणाची पाठ कोमट पाण्याने भिजवून २० ते ३० मिनिटं ठेवली नाही, तर ते भिंतीवर गेल्यावर फुगतं आणि सांधे उचलतात. भिंतीला ओल असेल तर काहीही केलं तरी सुटतं. थंडीत गुंडाळी कोपऱ्यात वाकवली तर ती तडकते, आधी खोली गरम करावी. जुनं, खरं लिंक्रस्टा हाती आलं तर कोरड्या सँडपेपरने घासू नका. त्यावरच्या जुन्या रंगांत शिसं असण्याची शक्यता मोठी.

फ्रान्समधून आख्ख्या खोल्या पेट्यांत भरून आणल्या असं वाचलं. हे शक्य आहे का? (नाशिक)

शक्य होतं आणि नेहमीचं होतं. पॅरिसच्या ‘ज्यूल अलार’ या सजावटकारांचा धंदाच तो. भिंतींची मापं अमेरिकेतून जात. पॅरिसच्या कारखान्यात खोली पूर्ण आकारात उभी करत, प्रत्येक तुकड्याला क्रमांक देत, मग उकलून पेट्यांत भरून जहाजाने पाठवत आणि कारागीरही मागोमाग येत. ब्रेकर्समधली सकाळची बैठक आणि संगीतखोली अशीच आलेली. अलार यांनी न्यूपोर्टच्या ‘मार्बल हाउस’मधला सोन्याचा हॉलही केला. या घरावर १८८८ ते १८९२ या काळात १ कोटी १० लाख डॉलर खर्च झाले, त्यातले ७० लाख एकट्या संगमरवराचे. तो हॉल पाहून कौतुकाआधी थकवाच येतो.

सोन्याचं काम कसं चाले ते थोडं सविस्तर, कारण दोन पत्रांत तेच विचारलं आहे. लाकडावर सशाच्या कातडीच्या सरसाचं पाणी (एक भाग सरस, दहा-बारा भाग पाणी) आणि बारीक खडूची भुकटी यांचे आठ-दहा पातळ हात देत. गुळगुळीत घासल्यावर तांबड्या, चिकण मातीचे तीन-चार हात. मग पाणी आणि थोडं मद्यार्क ब्रशने लावून वर्ख सोडायचा. अमेरिकेतलं नेहमीचं वर्खाचं पान तीन इंच आणि तीन अष्टमांश, २५ पानांची एक वही. पान ओल्या मातीवर आपोआप ओढलं जातं. काही तासांनी अकीकाच्या दगडाने घोटायचं. इथेच काम बिघडतं. ओलं असताना घोटलं तर वर्ख फाटतो, फार वाळल्यावर घोटलं तर चमकत नाही. कारागीर दगडाने हलकी टिचकी मारून पाहतात. बद्द आवाज आला तर थांबायचं, टणत्कार आला की सुरू करायचं. पंखा लावून वाळवू नये, वरचा थर वाळतो आणि आतला ओला राहतो.

कोरीव वाटणारी बरीच पानं-फुलं मात्र कोरलेली नसतात. खडू, सरस, जवसाचं तेल आणि राळ यांचा लगदा साच्यात दाबून काढत, वाफेवर मऊ करून वाकवत आणि बारीक खिळ्यांनी ठोकत. सरस वाळताना आकसतो, त्यामुळे अशा कामाला आडव्या चिरा पडतात. लाकडाची चीर त्याच्या तंतूंच्या रेषेत जाते. नकली आणि असली ओळखायला एवढं पुरेसं आहे.

आणि ब्रेकर्सच्या सकाळच्या बैठकीतली एक गंमत. तिथल्या पॅनेलांवर रुपेरी वर्ख आहे. तो चांदीचाच, असं शंभर वर्षं सगळे धरून चालले होते. पण चांदी काळवंडते, विशेषतः गॅस आणि कोळशाच्या घरात, आणि हा वर्ख तसाच चकचकीत. क्ष-किरणांनी धातू तपासला तेव्हा तो प्लॅटिनम निघाला. हा उधळेपणा असेलही, पण ज्याने निवडला त्याला काजळीचं रसायन कळत होतं.

त्या घरांत भारतातलं कोरीवकाम होतं असं ऐकलं. खरं आहे का? (ठाणे)

खरं आहे. टिफनी यांचे भागीदार लॉकवुड डी फॉरेस्ट १८८१ मध्ये भारतात आले आणि हठीसिंग घराण्यातल्या मगनभाईंबरोबर त्यांनी अहमदाबादला लाकूडकोरीवकामाचा कारखाना उभा केला. मशिदी, देवळं आणि हवेल्या यांच्यावरच्या नक्षीचे नमुने घेऊन सागवानात दारं, चौकटी, पॅनेलं कोरून जहाजाने न्यूयॉर्कला जात. पितळेच्या पातळ पत्र्यात जाळ्या कापून त्याही पाठवत. त्या छताला आणि लाकडी चौकटींत बसवल्या जात. लाहोरला असलेल्या जॉन लॉकवुड किपलिंग यांची त्यांना मदत झाली. हे किपलिंग त्याआधी दहा वर्षं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवत होते.

सागवान तिकडे टिकलं यालाही कारण आहे. हिवाळ्यात वाफेने तापवलेल्या अमेरिकन घरात हवा इतकी कोरडी होते की ओकची पॅनेलं आकसून तडकतात. सागवान फार हलत नाही. तरीही पॅनेल चौकटीच्या खाचेत सैल ठेवायचं, चारही बाजूंनी सरसाने जाम करायचं नाही, हा नियम तिथेही पाळावाच लागे. हौशी दुरुस्तीवाले खडखड थांबवण्यासाठी गोंद भरतात आणि पुढच्याच हिवाळ्यात पॅनेल मधोमध फाटतं.

हिरव्या वॉलपेपरने माणसं मरत, हे कितपत खरं? (सांगली)

पाया खरा आहे. त्या काळचे काही झळझळीत हिरवे रंग तांबं आणि आर्सेनिक यांच्या संयुगांचे होते, आणि फक्त हिरवेच नव्हे, इतर रंगांतही आर्सेनिक सापडे. मिशिगनमधल्या डॉ. रॉबर्ट केड्झी यांनी १८७४ मध्ये अशा कागदांचे ८६ नमुने बांधून १०० प्रती राज्यातल्या ग्रंथालयांना पाठवल्या, लोकांनी आपल्या भिंतीशी ताडून पाहावं म्हणून. त्या प्रतीच विषारी असल्याने पुढे बहुतेक नष्ट केल्या गेल्या. कागदाचा रंग भुकटी होऊन झडे आणि श्वासात जाई. ओल्या भिंतीवर खळीला बुरशी धरली की आर्सेनिकचा वायूही सुटू शकतो. जुना कागद हाती आला तर खरवडू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि हात धुवा.

हे सगळं साफ कोण करायचं, कसं? (बेळगाव)

नोकर. मार्बल हाउसमध्ये ३६ जण होते. गालिच्यावर ओल्या चहापत्तीचा चोथा पसरून मग झाडत, म्हणजे धूळ उडत नसे. पण चोथा आधी धुवायचा, नाहीतर फिक्या गालिच्यावर चहाचे डाग. भिंतीचा कागद दोन दिवसांच्या शिळ्या पावाने पुसत, वरून खाली, एकाच दिशेने, पाव काळा झाला की कापून टाकायचा. उन्हाळ्यात मालक न्यूपोर्टला गेले की शहरातल्या घरात सोफ्यांना सुती खोळी, झुंबरांना जाळीच्या पिशव्या. सोनेरी चौकटींवरही जाळी, कारण माशांचे डाग वर्ख खातात आणि पुसायला गेलं तर डागाबरोबर सोनंही निघतं.

आज यातलं काय पाहता येतं? (न्यूयॉर्क)

तुमच्याकडेच सर्वांत जास्त आहे. चोपन्नाव्या रस्त्यावरच्या अॅराबेला वर्शम यांच्या घरातल्या, १८८१ च्या सुमारास सजवलेल्या खोल्या घर १९३८ मध्ये पाडताना वाचवल्या. मूरिश (उत्तर आफ्रिकेतल्या अरबी धाटणीची) धूम्रपानाची खोली ब्रुकलिन म्युझियममध्ये आहे. सॅटिनवूड हे पिवळसर लाकूड आणि शिंपल्याचा जडाव असलेली शृंगाराची खोली मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये. पोलादसम्राट कार्नेगी यांच्या घरात, म्हणजे आताच्या कूपर ह्यूइट संग्रहालयात, डी फॉरेस्ट यांची सागवानी खोली जवळजवळ जशीच्या तशी आहे. आणि ईस्ट दहाव्या रस्त्यावर ७ क्रमांकाच्या घराला त्यांनी स्वतःसाठी बसवलेला अहमदाबादचा कोरीव सागवानी झरोका अजून रस्त्यावर डोकावतो. त्याला तिकीट नाही. फुटपाथवर उभं राहून वर बघायचं.